मोफत आणि मुक्त

तारापुरास अणुवीज १९६९ सालींच निर्माण होऊं लागली. पण भारतांत सामान्य जनांस इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या काळीं नेटस्केप हा ब्राउझर नांवाजलेला होता. मायक्रोसॉफ्टनें आपला एक्स्प्लोरर मोफत देऊन त्यास मागें सारलें. तेव्हां १९९८ सालीं नेटस्केपनें आपला सोर्सकोड, म्हणजे घडणीचा मूळ आराखडा, जगास मुक्त केला. पुढें नेटस्केप लयास गेला. परंतु त्याच परंपरेंतून २००४ सालीं फायरफॉक्स आणि ईमेलसाठीं थंडरबर्ड सिद्ध झाले. मोफत एक्स्प्लोरर मात्र २०२२ सालीं मालकानेंच बंद केला. पालघर-बोईसरच्या गृहस्थानें साधन निवडतांना एवढें ध्यानांत ठेवावें: मोफत वस्तु धन्याच्या मर्जीवर जगते, मुक्त वस्तु धनी गेला तरी इतरांच्या हातीं टिकूं शकते.