गॅसच्या बसची कुळी

सीएनजी बसची कुळी शोधत मागे गेलं, तर मूळपुरुष भेटतो तो काळाकुट्ट. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं आणि आपल्याकडच्या मोटारमालकांनी गाडीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली. बंबाच्या थोरल्या भावासारखं पिंप. वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून पेटवायचा आणि क्लीनरने पंख्याचं हँडल फिरवत बसायचं. हवा मुद्दाम अपुरी द्यायची, म्हणजे कोळसा पुरता न जळता कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तो गाळून, निववून इंजिनात जाई. भट्टी धरेपर्यंत उतारू ताटकळत, आणि इंजिनाचा जोर इतका घटे की चढावर गाडी रडकुंडीला येई.

पेट्रोल पुन्हा मिळू लागलं तशा भट्ट्या भंगारात गेल्या. हवेची फिकीर कुणाला नव्हतीच. सगळा खटाटोप टंचाईपोटी. इटलीत 1930च्या दशकात नैसर्गिक वायू दाबून टाक्यांत भरायला लागले तेही परदेशी तेलाची ताबेदारी नको म्हणून.

केवळ हवेसाठी इंधन बदला, असं आपल्याकडे ठणकावून सांगितलं ते सर्वोच्च न्यायालयाने. वकील एम. सी. मेहता यांच्या 1985 सालच्या याचिकेवर 28 जुलै 1998 रोजी आदेश निघाला: 31 मार्च 2001पर्यंत दिल्लीतल्या झाडून सगळ्या बस सीएनजीवर आणा. मागे भुरेलाल समितीची शिफारस होती. सरकारने नेहमीप्रमाणे मुदत संपायची वाट पाहिली. मग गॅसपंपांवर रात्र रात्र रांगा, रस्त्यावर बस कमी आणि दारात लोंबकळणारी माणसं जास्त. एप्रिल 2002मध्ये न्यायालयाने डिझेल बसला दिवसाला 500 रुपये दंड लावला, महिन्याभराने 1000. वर्ष सरता सरता डिझेल बस हटल्या.

या भांडणात एक मराठी माणूस न्यायालयाच्या विरुद्ध बाजूला दिसतो. सरकारने नेमलेल्या, शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकरांच्या समितीचं म्हणणं होतं की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, इंधन कुठलं ते ज्याचं त्याने बघावं. तत्त्व म्हणून बिनतोड. पण ज्या शहरात डिझेलमध्ये रॉकेल सर्रास मिसळलं जात होतं, तिथे मर्यादा पाळली की नाही हे तपासणार कोण? गॅसमध्ये रॉकेल मिसळता येत नाही. शिवाय बस गॅसची की डिझेलची, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. न्यायालयाने इंधनाचं नाव घेतलं म्हणूनच काम झालं, असं मला वाटतं. माशेलकरांची वाट देशाने धरली खरी, पण डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आणणारा बीएस-6 नियम देशभर लागू व्हायला एप्रिल 2020 उजाडला. तोवर दिल्लीकरांनी काय श्वासात घेतलं असतं?

आणि दिल्लीला गॅस कुठून आला? बराचसा आपल्याच समुद्रातून. मुंबई हाय आणि दक्षिण बसीन, म्हणजे आपल्या वसईचं नाव लागलेलं क्षेत्र. तिथला वायू हजिराला किनाऱ्यावर येई आणि एचबीजे (हजिरा-बिजयपूर-जगदीशपूर) वाहिनीने उत्तरेकडे जाई. त्या वाहिनीचा मुख्य हेतू खतकारखाने आणि वीजकेंद्रं. बस तिच्या मागाहून आलेल्या गिऱ्हाईक. बसच्या टाकीत मात्र तो सुमारे 200 बार दाबाने कोंबावा लागतो. एवढा दाब झेलणारी नळकांडी जड असतात, आणि भरायला कॉम्प्रेसर हवा. दिल्लीतल्या रांगांमागे कॉम्प्रेसर पुरेसे नव्हते हेही एक कारण होतं.

गॅसच्या बसपाठोपाठ हल्ली विजेची बस आली आहे. तिची बॅटरी महाग, म्हणून मुंबईची बेस्ट आणि पुण्याची पीएमपी अशा बस बहुतेक भाड्याने घेतात: गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, पैसे किलोमीटरमागे. दर किती लावायचा यावरच आता टेंडरात घासाघीस चालते.