तळटीप १४ : ‘धागा आयआरला पाठवला’

१४. आयआर : अवरक्त सूक्ष्मवर्णपटमापन. सूक्ष्मदर्शक जोडलेल्या यंत्राखाली तंतू, गाडीच्या रंगाचा पापुद्रा, चिकटपट्टीचा तुकडा अशा बारीक पुराव्याची जात ओळखण्याची पद्धत. नवापूरवरून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावर धडक देऊन पळालेल्या वाहनांच्या तपासात तिचा उपयोग होतो, तो असा. बंपरला अडकलेला धागा आधी बारीक रोलरने चपटा करतात, कारण जाड धाग्यातून किरण नीट पार होत नाहीत. मग तो कोणते किरण शोषतो याचा आलेख काढतात. पॉलिएस्टरचा ठळक उंचवटा १७२० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतो, सुताला तो नसतो. अ‍ॅक्रिलिक २२४० जवळच्या टोकावरून ओळखू येते. धागा चपटा झाला तरी नष्ट होत नाही, त्यामुळे फेरतपासणीची वाट खुली राहते. आरोपीच्या दृष्टीने ही फार मोलाची बाब आहे. मात्र आलेखावरून धाग्याचा प्रकार कळतो. तो अमुकच सदऱ्याचा हे ठरत नाही. वरील उताऱ्यातील फौजदार हा फरक विसरतात, म्हणून हा खुलासा.

पुढे येणारा ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. राज्यातील न्यायसहायक प्रयोगशाळांचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नाशिकला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. असा अहवाल तज्ज्ञाची साक्ष न घेताही पुराव्यात वाचता येतो : पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम २९३, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३२९. — संपा.