तळटीप १४ : मार्कअप भाषा

१४. मार्कअप भाषा : सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या संकेतस्थळाच्या संदर्भात येथे आलेली ही संज्ञा म्हणजे मजकुरातील मथळा कोणता, परिच्छेद कोणता, दुवा कोणता हे टोकदार कंसांतील खुणांनी संगणकास सांगण्याची पद्धत होय. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली एसजीएमएल ही खरे तर अशा खुणांचे नियम रचण्याची चौकट असून, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९९०च्या सुमारास आखलेली एचटीएमएल तिच्याच वळणावर उभी राहिली. १९९८ मध्ये, म्हणजे ही महानगरपालिका स्थापन झाली त्याच वर्षी, मान्य झालेली एक्सएमएल हे त्या चौकटीचे सुटसुटीत रूप आहे. एक्सएमएल ही एचटीएमएलची पुढची आवृत्ती, हा रूढ समज त्यामुळे चुकीचा ठरतो. एचटीएमएल एक्सएमएलच्या कडक शिस्तीत बसवून २००० मध्ये एक्सएचटीएमएल सिद्ध झाली, परंतु २०१४ च्या एचटीएमएल-५ ने स्वतःचे वाचननियम ठरवून एसजीएमएलशी असलेले औपचारिक नाते सोडले. मराठी पानांच्या दृष्टीने भाषा दर्शवणारी ‘एमआर’ ही खूण विशेष मोलाची असून ती कधीही गाळू नये, कारण तिच्यामुळे, तशी सोय असलेल्या टंकात, ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने उमटतात, आणि दृष्टिहीनांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीस तो देवनागरीतील हिंदी नसून मराठी आहे हे कळते.