सहलीच्या मोसमातलं संग्रहालय

दिवाळी सरली की टेंभुर्णीच्या चौकात दोन प्रकारची वाहनं वाढतात : उसाच्या ट्रॉल्या आणि सहलीच्या एसट्या. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पोरांना एकदा मुंबई दाखवून आणायचा बेत आपल्या भागातल्या शाळा हमखास आखतात. गेटवे, तारांगण, राणीची बाग, चौपाटी. यादीत 'म्युझियम'ही असतं आणि बहुधा तेच सर्वांत घाईनं उरकलं जातं. मुलं रांगेनं आत जातात, पेंढा भरलेले प्राणी बघतात, ढाली-चिलखतं बघतात आणि बाहेर येऊन डबा खातात. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याहून बरंच काही आहे. गंमत म्हणजे आपल्या सहलींचा मोसम तोच त्याचाही मोसम आहे, आणि तो अगदी पहिल्या दिवसापासून.

प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज झालेला राजपुत्र, याच्या हस्ते ११ नोव्हेंबर १९०५ रोजी इमारतीची कोनशिला बसली. साहेबाला आपला उन्हाळा सोसायचा नाही, म्हणून राजघराण्याचे दौरे थंडीतच आखले जात. राजपुत्राच्या भेटीची आठवण म्हणून संग्रहालय उभारायचं मुंबईच्या प्रतिष्ठित नागरिकांनी ठरवलं. लोकवर्गणी जमली, सरकार आणि महापालिका यांनीही हात लावला. १९०९ मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली आणि जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाची निवड झाली. कुर्ल्याचा दगड वापरून त्यानं जी इमारत उभी केली, तिचा घुमट सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ओळखीचा वाटायला हवा. विजापूरचा गोल घुमट डोळ्यांपुढे ठेवून तो बांधला आहे. आत नाशिकच्या एका वाड्यातलं कोरीव लाकडी काम बसवलेलं आहे. म्हणजे नाव इंग्रजी राजपुत्राचं, घुमट आदिलशाही आणि लाकूड मराठी वाड्याचं.

इमारत १९१४ मध्ये पुरी झाली आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं. वस्तू मांडायच्या दालनांत खाटा लागल्या, लष्करी इस्पितळ झालं. त्याच काळात तिथं बालकल्याणाचं प्रदर्शनही भरलं होतं. संग्रहालय म्हणून दार उघडण्याआधीच ही वास्तू मुलांसाठी वापरली गेली, ही नोंद मला फार मोलाची वाटते. पुढे शंभर वर्षांनी संस्थेनं जे केलं, त्याची ही नकळत झालेली सुरुवात. युद्धानंतर इमारत विश्वस्तांकडे परत आली आणि १० जानेवारी १९२२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. पुन्हा हिवाळाच.

सुरुवातीचा संग्रह पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा अशा संग्राहकांकडून आला. लघुचित्रं, हस्तिदंत, जेड, युरोपीय तैलचित्रं, शस्त्रं असा तो भरगच्च ऐवज होता. पण वस्तू मांडल्या म्हणजे लोकांना कळल्या असं नसतं. त्या समजावून सांगायला माणूस लागतो. नव्यानं उघडलेल्या निसर्गविज्ञान विभागात १९२६ मध्ये असा एक माणूस नेमला गेला. महिना साडेतीनशे रुपये पगारावर आलेल्या त्या 'गाइड लेक्चरर'चं नाव होतं सालिम अली. येणाऱ्यांना प्राणिपक्ष्यांविषयी सांगायचं, हे त्यांचं काम. दोनेक वर्षांत ते कंटाळले आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. उजनीच्या पाणपसाऱ्यावर थंडीत रोहित पक्षी बघायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की या देशातल्या सर्वांत नामवंत पक्षीशास्त्रज्ञानं एकेकाळी संग्रहालयाच्या दालनात उभं राहून लोकांना माहिती सांगण्याची नोकरी केली आहे. व्याख्यानांची परंपरा म्हणतात ती इथपासूनची.

मधला मोठा काळ अभ्यासाचा. डॉ. मोतीचंद्र आणि त्यांच्यानंतर सदाशिव गोरक्षकर या संचालकांनी संस्थेला विद्वत्तेची बैठक दिली. अभ्यासकांचं येणं-जाणं होतं, घरच्या मंडळींना घेऊन येणाऱ्यासाठी मात्र फारसं काही नव्हतं. आवारात १९५२ च्या जानेवारीत जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली आणि जिवंत चित्रकारांना शेजार मिळाला. आपल्या पंढरपुरात जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले मकबूल फिदा हुसेन याच परिसरात मोठे झाले. १९९६ च्या डिसेंबरात समोरच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आलं. १९९८ मध्ये जुन्या संग्रहालयाचं राजपुत्राचं नाव जाऊन छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लागलं. १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरू लागला आणि फेब्रुवारीचे नऊ दिवस हा रस्ता माणसांनी फुलू लागला. ज्या पुतळ्यावरून या भागाला काळा घोडा म्हणतात, तो तिथून १९६५ मध्येच भायखळ्याला हलवला होता, पण लोकांनी नाव काही सोडलं नाही.

खरा पालट गेल्या दीड दशकातला. २०१२ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश म्युझियमची ममी मुंबईत आली. कर्नाकच्या देवळातला नेस्पेरेन्नुब नावाचा पुजारी, सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा. गुंडाळलेलं कापड न सोडता, स्कॅन करून त्याच्या आत काय आहे ते त्रिमिती चित्रपटातून दाखवलं होतं. पोरांना घेऊन लोक लोटले. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मौत का कुआँ बघायला जसे उभे राहतात, तसंच हे, असं कोणी नाक मुरडून म्हणेल. म्हणू दे. यात्रेत आलेला माणूस देवळातही डोकावतोच.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, सायरसचा मृत्तिकालेख आला. बाबिलोन जिंकल्यावर, इसवी सनापूर्वी ५३९ नंतर, लिहिलेला हा मातीचा जेमतेम वीतभर लांबीचा तुकडा. दिसायला भाजलेल्या कणसासारखा. पण ज्या शहरात पारशी समाजानं शाळा, इस्पितळं आणि हे संग्रहालयसुद्धा उभं करायला पैसा दिला, त्या शहरात इराणच्या राजाची ही आज्ञा येणं याला वेगळा अर्थ होता. २०१६ च्या जानेवारीत 'तबीयत' हे भारतीय वैद्यकाचं प्रदर्शन झालं.

या सगळ्यांत माझ्या मते सरस होतं ते 'भारत आणि जग : नऊ कथांमधला इतिहास'. ११ नोव्हेंबर २०१७ ला ते सुरू झालं. तारीख बघा, कोनशिलेचीच. १८ फेब्रुवारी २०१८ पर्यंत चाललं आणि मग दिल्लीला गेलं. ब्रिटिश म्युझियममधल्या वस्तू आणि भारतभरच्या संग्रहांतल्या वस्तू मिळून सुमारे २०० नग होते. पाहुणी वस्तू एकटी आरतीला न बसवता तिच्या शेजारी तिच्याच काळातली आपली वस्तू मांडली होती. असं मांडलं की गाइडनं न सांगताही आठवीतला पोरगा विचारतो, तिकडं हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडं काय चाललं होतं? इतिहासाच्या तासाला हा प्रश्न क्वचितच निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये भारत, इजिप्त, अ‍ॅसिरिया, ग्रीस आणि रोम यांची प्राचीन शिल्पं एकत्र आणताना हेच सूत्र पुढं नेलं. लंडन, बर्लिन आणि लॉस एंजेलिसच्या संग्रहालयांनी शिल्पं उसनी दिली होती.

मोठ्या प्रदर्शनांबरोबर लहान गोष्टीही रुजल्या. २०१९ मध्ये आवारातल्या गोरखचिंचेच्या जुन्या झाडाजवळ मुलांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. हात लावू नका, या पाटीखाली वाढलेल्या माझ्या पिढीला त्याचं अप्रूप वाटतं. सुट्ट्यांत कार्यशाळा होतात, गोष्टी सांगितल्या जातात, आईबाप आणि पोरं एका टेबलाशी बसतात. १० जानेवारी २०२२ ला शंभरी भरली तेव्हा ओमायक्रॉनची लाट चालू होती. गाजावाजा करण्यासारखे ते दिवस नव्हते. त्याच वर्षी इमारतीच्या डागडुजीला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

टेंभुर्णीच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट २०१५ मधली आहे. त्या वर्षी संग्रहालयानं एक बसच संग्रहालय केली. 'म्युझियम ऑन व्हील्स'. वातानुकूलित गाडी, आत मांडणी, बरोबर समजावून सांगणारी माणसं. शाळेच्या मैदानात गाडी उभी राहते आणि वर्गवार मुलं आत जातात. पुणे-सोलापूर महामार्ग, अकलूज-पंढरपूरकडचा रस्ता आणि कुर्डुवाडीचा रस्ता जिथं भेटतात, त्या गावापेक्षा अशा गाडीला सोयीचा मुक्काम कुठला? माढा आणि माळशिरस तालुक्यांतली मुलं एका जागी जमू शकतात.

अर्थात बस म्हणजे संग्रहालय नव्हे. मूळ वस्तूसमोर उभं राहण्याची सर तिला नाही आणि मुंबईबाहेरच्या पोरांनी बसवरच समाधान मानावं, असं कोणी सुचवत असेल तर ते मला मान्य नाही. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर. जाण्याआधी एक रविवार बार्शीवरून तेरला काढावा. तिथली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आणि इटलीत पोम्पेईच्या राखेत सापडलेली हस्तिदंती मूर्ती या बहिणी शोभतात. ते पाहिलेल्या मुलाला मुंबईतला रोमन दगड परका वाटणार नाही.

तेव्हा शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि पालक संघांना विनंती एवढीच : यंदा सहलीच्या यादीतली दोन ठिकाणं कमी करा आणि संग्रहालयाला निदान अर्धा दिवस द्या. जाण्याआधी फोन करून कोणतं प्रदर्शन चालू आहे, मुलांसाठी काय आहे, मराठीतून माहिती सांगायला कोण मिळेल, हे विचारा. आणि त्याच फोनवर बसचीही मागणी नोंदवा. मैदानाची आणि विजेची सोय आपण करू, असं सांगा.