दारचा कुत्रा घरात येताना

आपल्याकडे कुत्रा हा घराचा नसे, दाराचा असे. ओसरीपर्यंत त्याची हद्द. उंबऱ्याच्या आत पाऊल पडले की 'हाड्' ठरलेले. खंडोबापाशी आणि दत्तगुरूंच्या पायाशी त्याला मानाची जागा मिळाली, नामदेव महाराज त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, तरी रात्री झोपायला तो अंगणातच. म्हणूनच 'हाउस ट्रेनिंग' या शब्दाला आपल्याकडे रुळलेला मराठी शब्द नाही. ज्याला घरच नाही, त्याला घराबाहेर जायला शिकवायचे कशाला!

न्यूझीलंडमध्ये आल्यावर चित्र पालटते. मुले हट्ट धरतात, आणि एके दिवशी आठ आठवड्यांचे पिल्लू किंवा एसपीसीएमधून आणलेला मोठा कुत्रा थेट दिवाणखान्यात येतो. पहिल्याच संध्याकाळी कार्पेटवर तळे साचते. मग 'हे कोणी आवरायचे?' यावर घरात परिषद भरते. ती परिषद बहुधा कार्पेटपुरतीच असते. पण कुत्र्याने कुठे बसावे आणि त्याच्यामागे कोणी आवरावे, हा या देशात एके काळी जीवनमरणाचा प्रश्न होता. तो सोडवायला दोन पिढ्या लागल्या, आणि त्यात आपल्या कोकणातल्या एका ओळखीच्या झाडाचेही नाव येते. तो इतिहास आपल्या मंडळींना ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

या बेटांवर कुत्रा आला तो माणसाबरोबरच. सुमारे सातशे वर्षांपूर्वी माओरींचे पूर्वज होड्यांतून आले, तेव्हा त्यांनी आपला 'कुरी' बरोबर आणला. बुटका, झुपकेदार शेपटीचा हा प्राणी शिकारीला उपयोगी पडे. त्याचे मांस खात आणि त्याच्या कातड्याची मानाची वस्त्रे करीत. जुन्या वसाहतींच्या जागी सापडलेल्या कुरीच्या वाळक्या विष्ठेवरून तो काय खात होता, हे आजचे संशोधक सांगतात. पुढे युरोपियनांच्या कुत्र्यांत मिसळून एकोणिसाव्या शतकात ही जात नाहीशी झाली.

युरोपियन वसाहतवाल्यांनी आपले कुत्रे आणले आणि मेंढ्याही आणल्या. डोंगरउतारावरचे कळप हाकायला कुत्र्यावाचून इलाज नव्हता. भुंकून मेंढ्या पुढे रेटणारा 'हंटअवे' ही तर इथलीच पैदास. १९८२ साली देशातल्या मेंढ्यांची संख्या सात कोटींवर पोचली होती. एवढ्या मेंढ्या तिथे मेंढ्या कापणेही आलेच. फार्मवर मेंढा कापला की मांस घरात आणि आतडी, कलेजी, फुप्फुस कुत्र्यांपुढे, अशी सरळ वाटणी होती. संकट शिरले ते याच वाटणीतून.

त्याचे नाव हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी राहतो. कुत्र्याला त्याचा काहीच त्रास नसतो. कृमीची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, मेंढी ती चरते आणि तिच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ती कलेजी कच्ची कुत्र्यापुढे टाकली की चक्र पूर्ण! माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना अंडी चिकटलेली असतात. पोर त्याला कुरवाळते आणि हात न धुता बिस्किट खाते. गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते, म्हणजे लहानपणी झालेली लागण पुष्कळदा मोठेपणी कळते. त्या काळी शस्त्रक्रियेवाचून उपाय नव्हता, आणि ती करताना गाठ फुटली तर रोगी दगावण्याची भीती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या देशांत हा आजार सर्वांत जास्त आढळे, त्यांत न्यूझीलंडची गणना होत असे. माओरी समाजात त्याचे प्रमाण आणखी अधिक होते.

या प्रश्नामागे हात धुऊन लागले ते डनीडनचे शल्यचिकित्सक सर लुई बार्नेट (१८६५-१९४६). ओटागो विद्यापीठात ते शल्यशास्त्राचे प्राध्यापक होते. पोटातल्या गाठी काढता काढता त्यांच्या ध्यानात आले, की खरा इलाज ऑपरेशन टेबलावर नसून कुत्र्याच्या ताटलीत आहे. निवृत्तीनंतरही त्यांनी रुग्णांच्या नोंदी जमवण्याचे आणि लोकांना सावध करण्याचे काम सोडले नाही.

पण कुत्र्यांपर्यंत पोचायचे कसे? त्यासाठी एक साधन आधीपासून हाताशी होते, ते म्हणजे कुत्र्यांची नोंदणी. १८८० च्या कायद्याने ती आणली होती. ती काही सुखासुखी रुजली नाही. १८९८ मध्ये उत्तरेकडे होकिआंगा भागात होने तोइआ यांच्या नेतृत्वाखाली माओरींनी कुत्र्यामागे अडीच शिलिंगांचा कर द्यायला नकार दिला, तेव्हा सरकारने तिकडे सैन्य धाडले. माओरी खासदार होने हेके न्गापुआ यांच्या मध्यस्थीने रक्तपात टळला. मुंबईच्या वाचकांना इथे जून १८३२ आठवेल. भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि कोटातले व्यवहार ठप्प झाले होते. कुत्र्याला हात लावला की माणूस खवळतो, हे दोन्ही ठिकाणच्या सरकारांना कळून चुकले.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारने नोंदणीचा उपयोग करून घेतला. कुत्र्याची नोंदणी करताना मालकाच्या हाती जंताच्या गोळ्या द्यायच्या, आणि त्याने त्या घरी ठरल्या वेळी कुत्र्याला घालायच्या. हे औषध होते ॲरेकोलिन. नावातच 'ॲरेका' आहे, म्हणजे आपली सुपारी! सुपारीतले हे द्रव्य आतड्याला इतके ढवळून काढते, की थोड्याच वेळात पोट साफ होते आणि कृमीही बाहेर पडतात. श्रीवर्धनच्या रोठ्याची तारीफ करणाऱ्या आपल्या आजोबांना, तिचा अर्क न्यूझीलंडच्या कुत्र्यांना जुलाब म्हणून देतात हे सांगितले असते, तर त्यांनी अडकित्ताच खाली ठेवला असता. (वाचकांपैकी कोणी हा प्रयोग घरी मात्र करू नये, सुपारी कुत्र्याला विषारी ठरू शकते.)

औषध चांगले, हेतू चांगला, तरी वीस वर्षांत रोग हटला नाही. सगळी भिस्त होती मालकाच्या आठवणीवर आणि सवडीवर. गोळी दिली की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते. कच्ची कलेजी टाकण्याची सवयही सुटली नाही.

१९५९ साली हायडॅटिड्स ॲक्ट झाला, राष्ट्रीय हायडॅटिड्स कौन्सिल स्थापन झाले आणि पद्धतच बदलली. आता गोळी घरी नाही. गावोगावी 'डोसिंग स्ट्रिप' आखल्या गेल्या. ठरल्या दिवशी मालकांनी कुत्रे तिथे आणायचे, खुंट्यांना ओळीने बांधायचे. अधिकारी ॲरेकोलिन देई आणि प्रत्येकाच्या विष्ठेचा नमुना घेई. डनीडनजवळच्या तायेरी येथील प्रयोगशाळेत नमुने तपासत. ज्याच्या कुत्र्यात कृमी सापडे, त्याला आपण कच्ची आतडी घातली नाहीत असे म्हणायची सोय उरत नसे. दृश्य रमणीय नव्हते आणि वास त्याहून नव्हता, पण वेळापत्रक पक्के होते. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि १९७० च्या दशकात दर सहा आठवड्यांनी डोस देण्याची पद्धत बसली. कृमीला वाढून अंडी घालायला सहासात आठवडे लागतात, त्याआधीच त्याला गाठायचे, हा त्यामागचा हिशेब. हळूहळू माणसांतले नवे रुग्ण कमी होत गेले आणि २००२ मध्ये देश या रोगातून तूर्त मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

आता आपल्या पिल्लाकडे वळू. गोळ्यांच्या त्या वीस वर्षांनी जे शिकवले, तेच आपल्याला घरात लागू पडते: सवय कुत्र्याला लागण्याआधी घराला लागावी लागते. पिल्लाला झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि रात्री निजण्यापूर्वी बाहेर न्यावे. दरवेळी त्याच दाराने, त्याच कोपऱ्यात. काम झाले की तिथल्या तिथे कौतुक करावे. घरात आल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. आत घाण झाली तर त्यात नाक घासणे किंवा ओरडणे व्यर्थ. त्यातून ते एवढेच शिकते, की माणसांच्या देखत बसू नये, आणि मग सोफ्यामागे जाऊन बसते. डाग एन्झाइमच्या क्लीनरने काढावा, कारण वास उरला की जागा ठरली. एसपीसीएतून आणलेला मोठा कुत्राही नव्या घरात पहिले काही आठवडे पिल्लूच समजावा. आणि 'आज तुझी पाळी की माझी' हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. आठवणीवर सोडू नये.

याच्या जोडीला दोन गोष्टी. पिल्लांत गोलकृमी सर्रास असतात आणि ते मुलांना बाधू शकतात, म्हणून व्हेटने सांगितलेल्या तारखांना जंताचे औषध द्यावे, अंगणातली विष्ठा रोज उचलावी आणि मुलांना हात धुण्याची शिस्त लावावी. दुसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. ओळखीच्या फार्मवर मेंढा किंवा बकरा कापला, की उरलेली कलेजी, फुप्फुस 'खाईल बिचारा' म्हणून कच्चेच कुत्र्यापुढे टाकण्याचा मोह होतो. रोग गेला तरी ती बंदी गेलेली नाही. असे काही द्यायचेच तर किमान ३० मिनिटे उकळून द्यावे.

तीन महिन्यांपर्यंत पिल्लाची कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि जुलै २००६ पासून पहिल्यांदा नोंदवल्या जाणाऱ्या कुत्र्यांना, फार्मवर गुरेमेंढ्या हाकणारे कुत्रे वगळता, मायक्रोचिपही लागते. तो फॉर्म भरताना फीचा आकडा पाहून कपाळाला आठी पडतेच. पण याच नोंदवहीच्या आधाराने एके काळी इथल्या प्रत्येक कुत्र्यापर्यंत पोचता आले. आपली मुले आज शेजारच्या लॅब्राडोरच्या गळ्यात निर्धास्त हात टाकतात, ते त्यामुळेच.