18.29 मीटरचं कुळ

200 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या नियमांत एक आकडा खुपतो. पहिला अडथळा सुरुवातीपासून 18.29 मीटरवर, पुढचे नऊ तेवढ्याच अंतराने, आणि शेवटी उरतात 17.10 मीटर. मीटरने मोजणारा माणूस असलं अंतर कशाला निवडेल? यार्डात मांडलं की उलगडा होतो. 18.29 मीटर म्हणजे 20 यार्ड. दहा अडथळे, अकरा समान टप्पे, बरोबर 220 यार्ड. मीटरवाल्यांनी सांगाडा तसाच ठेवून शेपूट तेवढी छाटली.

हा सांगाडा अमेरिकी कॉलेजांत गाजलेल्या 220 यार्ड लो हर्डल्सचा. अडथळा अडीच फुटी. पण अडथळे दहाच का? माझ्या मते हा ऑक्सफर्डचा वारसा. 1864पासून ऑक्सफर्ड-केंब्रिज सामन्यांत 120 यार्डांची शर्यत होती : 15 यार्डांवर पहिला अडथळा, मग दहा-दहा यार्डांवर नऊ, शेवटी पुन्हा 15. कुणीतरी अडथळे तितकेच ठेवले आणि मधलं अंतर दुप्पट केलं. कुणी म्हणेल, 220ला 20ने भागलं की दहा अडथळे आपोआप येतात, त्यात ऑक्सफर्ड कशाला? मग 400 मीटरमध्ये काय झालं? तिथे 45 मीटर, नऊ वेळा 35, शेवटी 40. भागाकार कुठेच सरळ नाही, तरी अडथळे दहाच. हा घराण्याचाच हट्ट म्हणायचा.

ऑलिंपिकमध्ये 200 मीटर अडथळे दोनदाच झाले, 1900 आणि 1904 साली. पॅरिसला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा आल्विन क्रेन्झलाइन 25.4 सेकंदांत पहिला आला. दुसरा नॉर्मन प्रिचर्ड, कोलकात्यात जन्मलेला, सेंट झेवियर्सचा विद्यार्थी. खाशाबा जाधवांआधी भारताला वैयक्तिक पदक मिळालं होतं की नाही, हा आपल्याकडचा जुना वाद ज्या दोन रौप्यपदकांवरून पेटतो, त्यांतलं एक याच शर्यतीचं.

25 मे 1935 रोजी अॅन आर्बरला ओहायो स्टेटच्या जेसी ओवेन्सने 220 यार्ड लो हर्डल्स 22.6 सेकंदांत संपवली आणि त्या एका धावेवर 200 मीटर अडथळ्यांचाही विश्वविक्रम त्याच्या नावे लागला. लागणारच. दोन्ही शर्यतींत अडथळे त्याच जागी. फरक शेवटच्या 117 सेंटिमीटरचा, तोही ओवेन्सने जास्तच धावलेला.

मग 1960च्या सुमारास ही शर्यत कॉलेजांतून का गेली? ऑलिंपिकमध्ये नव्हती म्हणून, असं सरसकट सांगतात. पण 1904नंतर पन्नास वर्षं ती ऑलिंपिकविना सुखाने नांदली! अडथळे इतके बुटके की चांगला धावपटू तंत्राशिवायही जिंकायचा, हा आक्षेप जास्त वजनदार. माझा संशय मात्र जमिनीवर आहे. ओवेन्स धावला तो ट्रॅक सरळ होता. 440 यार्डांच्या लंबगोलात 220 यार्डांची सलग सरळ रेषा बसत नाही; ती बाहेर शेपटासारखी काढावी लागते. चारी बाजूंनी प्रेक्षक बसवायचे तर पहिली कात्री तिलाच लागणार. वळणावर ही शर्यत घेता येते, घेतलीही गेली, पण वेळांची तुलना बिघडली.

2010 साली मँचेस्टरच्या डीन्सगेट रस्त्यावर तात्पुरता सरळ ट्रॅक अंथरला आणि टायसन गे त्यावर 200 मीटर 19.41 सेकंदांत धावला. सरळ ट्रॅक मिळाल्यावर त्याच रस्त्यावरच्या स्पर्धांत 200 मीटर अडथळेही पुन्हा मांडले गेले.