एलिझा नेल्सन आणि दिल्लीचें सुवर्णपदक

दिल्लीस १९८२ सालीं भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांची गोष्ट निघाली, कीं हॉकीच्या अंतिम सामन्यांत पुरुषसंघाचा पाकिस्तानकडून झालेला १–७ असा दारुण पराभव सर्वांस आठवतो. पण त्याच वर्षीं त्या स्पर्धांत स्त्रियांची हॉकी प्रथमच खेळली गेली आणि भारतीय मुलींनीं सुवर्णपदक पटकाविलें, हें श्रोत्यांपैकीं किती जणांच्या ध्यानीं असेल? त्या संघाच्या कर्णधार होत्या पुण्यास जन्मलेल्या एलिझा नेल्सन.

त्यांची खरी कसोटी त्यापूर्वींच, १९८० सालीं मॉस्कोस लागली होती. ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या हॉकीचा तो पहिलाच प्रसंग. कित्येक राष्ट्रांच्या बहिष्कारामुळें मैदानांत सहाच संघ उतरले. भारतानें ऑस्ट्रिया व पोलंड यांस नमविलें, झिंबाब्वेशीं १–१ अशी बरोबरी साधली; आणि हाच झिंबाब्वेचा संघ पुढें सुवर्णपदकाचा मानकरी ठरला! चेकोस्लोव्हाकिया व सोव्हिएत संघ यांच्यापुढें मात्र हार पत्करावी लागली. कांस्यपदक हुकलें तें अवघ्या एका गुणानें. तेथेंच पुरुषसंघानें स्पेनचा ४–३ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकलें, तेव्हां मुलींच्या चौथ्या क्रमांकाची वास्तपुस्त कोण करणार? पुरुष जिंकले तरी स्त्रिया विस्मृतींत, हरले तरी विस्मृतींतच, हा योग विलक्षण खरा.

एलिझाबाईंस १९८३ सालीं पद्मश्रीचा बहुमान मिळाला.